जुन्या कार्डाचा ड्रायव्हर

तेजल चुरी पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा तिच्या हातात दुरुस्तीचं काहीच नव्हतं. काउंटरला हात टेकून तिनं विचारलं, "घरी येऊन बघता का तुम्ही? मला तो कॉम्प्युटर जागेवरून हलवायचा नाहीये."

जागृती तांडेल शक्यतो कुणाच्या घरी जात नसे. बोईसरमध्ये तिचं दुकान नऊ वर्षांपासूनचं. मूळची ती दातिवऱ्याची. घरची होडी होती, भाऊ समुद्रावर गेले आणि ही पालघरला आयटीआय करून कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत शिरली. एकटीचं दुकान, ते बंद करून घरोघर जाणं परवडत नसे. ती नाही म्हणणार, एवढ्यात तेजल म्हणाली, "प्रदीप चुरी माझे मिस्टर. जुलैच्या स्फोटात गेले ते."

जुलैचा स्फोट बोईसरमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. त्या दुपारी दुकानाच्या काचा थरथरल्या होत्या आणि जागृती रस्त्यावर धावत आली होती. एका रसायनांच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टर फुटला. तिघं गेले. प्रदीप चुरी, तिथला ड्राफ्ट्समन, म्हणजे प्लान्टचे नकाशे काढणारा. चिंतू वरठा, ठेकेदाराकडचा कामगार. आणि बिहारचा एक हेल्पर, ज्याचं नाव पेपरात दोन ठिकाणी दोन प्रकारे छापलं होतं.

"शुक्रवारी येते," जागृती म्हणाली. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे दुकानातही फारसं कुणी नसायचं.

सालवडमध्ये दुसऱ्या मजल्यावर चुरींचं घर होतं. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि त्यावर धुतलेली चादर घातलेली. तेजलनं ती काढून नीट घडी घातली. मग सांगायला लागली.

"चिंतू वरठाची बायको, मंगळी, जानेवारीत आली होती इथे. मनोरच्या पुढच्या पाड्यावरून, पत्ता विचारत विचारत. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. दारातच उभं राहून म्हणाली, 'बाय, तुजा नवरा नकशे काढायचा. माजा नवरा व्हॉल्व्ह उघडायला इसरला असं ते लिवतात. तुज्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरमदी बग, खरं काय हाय ते.'"

"कंपनीचं तसं म्हणणं आहे?"

"हो. दाब वाढला की व्हेंटचा व्हॉल्व्ह उघडायचा, म्हणजे गॅस वर छपराबाहेर निघून जातो. चिंतूनं तो उघडलाच नाही, असा जबाब दिलाय त्यांनी. खरं तर व्हॉल्व्ह नंतर उघडा सापडला. पण तो स्फोटाच्या दणक्यानं फिरला असेल, म्हणे." तेजलनं चादरीची घडी बाजूला ठेवली. "प्रदीपनी अख्ख्या प्लान्टचं कॉम्प्युटरवर मॉडेल केलं होतं. लेझरनं स्कॅन करून. कारखान्यातला कॉम्प्युटर कमी पडायचा म्हणून सुट्टीच्या दिवशी इथे बसून करायचे. त्यांनी काहीतरी लिहून ठेवलं असणार. धोका दिसला तर ते गप्प बसणाऱ्यातले नव्हते. पालघरला चौकशी चालू आहे, मार्चच्या शेवटी तारीख आहे. त्याच्या आत हे उघडायला हवं."

तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच राहिला. डाव्या कोपऱ्यात फक्त एक पांढरी रेघ उघडझाप करत होती.

"दिवाळीत माझ्या दिरानं चालू केला होता. अपडेट करू का असं विचारलं, त्यानं हो म्हटलं. तेव्हापासून असाच."

जागृती खाली वाकली, बाजूचं झाकण उघडून तिनं आत पाहिलं. मशीन जुळवून बांधलेलं, त्यात जुनं पण एके काळी भारी असलेलं ग्राफिक्स कार्ड. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. तिला अंदाज आला.

"कॉम्प्युटर गेलेला नाही, ताई," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर तिला वाईट वाटलं. "म्हणजे आतलं सगळं शाबूत असेल. हे जे कार्ड आहे ना, तेच चित्र काढतं. त्याला चालवायला एक ड्रायव्हर लागतो. लिनक्समध्ये लोकांनी मिळून लिहिलेला एक खुला ड्रायव्हर असतो, पण एवढं जड मॉडेल त्याला झेपत नाही. म्हणून तुमच्या मिस्टरांनी कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाकला असणार. तो बंदिस्त असतो, आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. अपडेटमध्ये लिनक्सचा गाभा बदलला आणि हा ड्रायव्हर मागे राहिला. दोघांचं जुळेना, म्हणून पडदा काळा."

"मग तो परत टाकायचा?"

"टाकू. पण आधी एक काम करू. ही डिस्क चौकशीत लागणार असेल, तर हिच्यावर मी एक अक्षरही लिहिणार नाही."

त्या दिवशी तिनं एवढंच केलं. डिस्क काढली, आणलेल्या नव्या डिस्कवर तिची हुबेहूब प्रत करायला लावली. त्याला तीन तास लागले. तेवढ्यात तेजलची मुलगी रिद्धी शाळेतून आली, दप्तर ठेवून उघड्या मशीनकडे बघत राहिली, आणि काही न विचारता आत गेली. प्रत झाल्यावर जागृतीनं मूळ डिस्क पाकिटात घातली, चिकटपट्टी लावली, तिच्यावरून तारीख लिहून सही केली. तेजललाही करायला लावली.

"हे कपाटात ठेवा. काही झालं तरी फोडू नका."

प्रतीवरची मॉडेलची फाइल तिनं आधी आपल्या दुकानातल्या मशीनवर उघडून पाहिली. अर्ध्यावर येऊन मशीन गोठलं. कोट्यवधी ठिपक्यांनी बनलेला तो प्लान्ट होता. तो उघडायला प्रदीपचंच कार्ड हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी ती दुकानातला यूपीएस रिक्षात घालून सालवडला गेली आणि प्रदीपच्या मशीनमध्ये प्रतीची डिस्क बसवली. मशीन चालू होताना एक कळ दाबून ठेवली, चित्राशिवाय नुसत्या अक्षरांत लिनक्स उघडलं. पासवर्ड तेजलला माहीत होता. जागृतीनं जुन्या ड्रायव्हरचे उरलेसुरले तुकडे पुसून काढले आणि सिस्टिमनं सुचवलेला सगळ्यात नवा ड्रायव्हर टाकला. काही चुकलं नाही, कुठे लाल अक्षर आलं नाही. मशीन पुन्हा चालू केलं. पडदा काळा.

मशीननं ठेवलेल्या नोंदी वाचता वाचता तिला कारण सापडलं. नव्या ड्रायव्हरनं एवढी जुनी कार्डं चालवायचं सोडून दिलं होतं. या कार्डासाठी चार-पाच वर्षं मागची आवृत्ती हवी होती. तिनं ती शोधून टाकायला घेतली, तर ती नव्या गाभ्यावर बसेचना. अक्षरांची रांगच्या रांग पडद्यावरून सरकली आणि शेवटी चूक, चूक, चूक. ड्रायव्हर जुना, गाभा नवा. बंदिस्त वस्तू असल्यामुळे आत हात घालून फारसं काही सुधारताही येत नव्हतं.

तेजल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "होत नाहीये का?"

"होईल. मला आज सुचत नाहीये."

तो आठवडा जागृतीच्या डोक्यात तेच होतं. प्रिंटर दुरुस्त करताना, जेवताना. मग बुधवारी तिच्या लक्षात आलं की आपण उलट्या बाजूनं ओढतोय. ड्रायव्हरला नव्या गाभ्यापर्यंत आणायचा हट्ट कशाला? अपडेट करताना लिनक्स मागचा गाभा लगेच काढून टाकत नाही, तो पडून असतो. प्रदीपनं ज्यावर काम केलं, तोच अजून डिस्कवर असायला हवा.

तो होता. शुक्रवारी सकाळी चालू होतानाच्या यादीत तिनं जुना गाभा निवडला, त्याला लागणाऱ्या फाइली उतरवल्या आणि ड्रायव्हरची जुनी आवृत्ती पुन्हा टाकली. मध्येच वीज गेली, यूपीएस किरकिरायला लागला. जागृती हलली नाही. एका टप्प्यावर मशीननं तिच्याकडे नवा पासवर्ड मागितला, तो तिनं कागदावर लिहून ठेवला.

"आता मशीन परत चालू होताना निळा पडदा येईल," तिनं तेजलला सांगितलं. "बाहेरचा ड्रायव्हर आत घ्यायचा का, असं मशीन विचारतं. दहाच सेकंद थांबतं. तेवढ्यात हो म्हणावं लागतं, नाहीतर ते त्याला दारातच अडवतं."

निळा पडदा आला. तिनं कळ दाबली, कागदावरचा पासवर्ड घातला. मशीन पुन्हा एकदा बंद होऊन चालू झालं, आणि पूर्ण पडद्यावर स्वच्छ चित्र उमटलं. केळव्याच्या किनाऱ्यावर पाण्यात उभी असलेली रिद्धी.

तेजल खुर्चीची पाठ धरून उभी होती, ती बसली. गाभा पुन्हा बदलू नये म्हणून जागृतीनं अपडेट बंद करून टाकले आणि मग मॉडेल उघडलं.

प्लान्ट हळूहळू उभा राहिला. खांब, जिने, टाक्या, नळ्यांचं जाळं. जागृतीनं माऊस फिरवला तसा तो न अडखळता फिरला. जुलैनंतर त्या जागी फक्त पत्रे आणि चिखल उरला होता आणि भंगारही उचलून झालं होतं. इथे मात्र सगळं जागच्या जागी होतं.

"रिअ‍ॅक्टर तो," तेजल बोट दाखवत म्हणाली. "त्यांनी मला एकदा दाखवलं होतं. त्याच्या वरून निघते ती व्हेंटची लाइन."

लाइन वर चढली, व्हॉल्व्हपाशी आली, आणि व्हॉल्व्हच्या वर हातभर अंतरावर संपली. तिच्या तोंडावर एक गोल तबकडी होती, आठ बोल्टनी आवळलेली. कामगार तिला ब्लाइंड म्हणतात. पुढे छपरापर्यंत जाणारी नळी मॉडेलमध्ये राखाडी रंगात होती, म्हणजे काढून टाकलेली.

"म्हणजे चिंतूनं व्हॉल्व्ह उघडला असता तरी..." जागृती म्हणाली.

"काहीच बाहेर गेलं नसतं." तेजलचा आवाज चढला. "बघा, मी म्हणत होते ना! कंपनीनं दिलेल्या नकाशात ही लाइन सरळ वर जाते. यांनी खरं काय ते दाखवलंय. इथे काही लिहिलंय, ते उघडा."

ब्लाइंडच्या बाजूला एक छोटी खूण होती. जागृतीनं ती दाबली. चौकट उघडली. तारीख मार्चची, स्फोटाच्या चार महिने आधीची. खाली मराठीत दोन ओळी. *वरच्या शेडचं काम होईपर्यंत व्हेंट बंद. तात्पुरतं, पंधरा दिवसांत काढायचं. फॅक्टरी इन्स्पेक्टरला द्यायच्या नकाशात दाखवू नये.* त्याखाली दोन रकाने. आखणी, पी.एन.सी. तपासणी, पी.एन.सी.

प्रदीप नारायण चुरी.

तेजलनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिला वाटलं असावं की याच्या पुढे काहीतरी असेल, एखादं पत्र, एखादी हरकत. "अजून बघा," ती म्हणाली. जागृतीनं एप्रिल पाहिला, मे पाहिला, जून पाहिला. मॉडेलमध्ये इतर कितीतरी बदल केलेले होते. ब्लाइंडला कुणी हात लावला नव्हता. ईमेल पाहिले, फोल्डर पाहिले. कुठे एक ओळ नव्हती.

खाली रस्त्यावरून शाळेच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला.

"बंद करा," तेजल म्हणाली. "रिद्धी येईल आता. आणि हे तुम्ही पाहिलंच नाही, असं समजा."

जागृतीनं मशीन बंद केलं, यूपीएस उचलला आणि जिना उतरली.

ते दिवस तिला जड गेले. बोलावं की बोलू नये, हे तिचं तिला ठरवता येईना. मंगळीला तिनं पाहिलेलंही नव्हतं, पण एका पाड्यावर एक बाई वाट बघत बसली आहे, एवढं तिला ठाऊक होतं. दुसरीकडे, ज्या घरात आपल्याला विश्वासानं बोलावलं, तिथलं बाहेर नेऊन सांगायचं कसं? तिनं तेजलला दोनदा फोन केला. उचलला गेला नाही. तारखेपर्यंत थांबायचं, असं तिनं ठरवलं. त्यानंतर आपण खरंच तोंड उघडलं असतं का, हे तिला पुढेही कधी छातीठोकपणे सांगता आलं नाही.

सहाव्या दिवशी तेजल दुकानात आली. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाकावर बसून राहिली.

"मी रोज स्वतःला समजावत होते," मग ती म्हणाली. "वरून दबाव असेल. नोकरीची भीती असेल. असेलच. पण त्या चिंतूवर काय कमी दबाव होता? आणि त्याचं नाव तर पेपरात छापून आलं. आमच्या शेजारची बाई माझ्यासमोर म्हणाली, एका अडाण्याच्या चुकीनं तुमचा माणूस गेला. मी तिला अडवलं नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "प्रदीप त्या दिवशी वर कशाला गेले होते, हेसुद्धा मला कधी कळणार नाही. ब्लाइंड काढायला गेले होते, असं मला वाटून घ्यायचंय. पण ते कुठे लिहिलेलं नाही."

"काय करायचं ठरवलंत, ताई?"

"आधी मंगळीला सांगायचं. तिला ते तिथे, सगळ्यांसमोर कळायला नको. तुम्ही येता बरोबर?"

रविवारी दोघी मनोरला उतरल्या आणि तिथून टमटमनं आत गेल्या. मंगळी घरापुढे मोहाची फुलं वाळत घालत होती. तिनं हात झटकले, उभी राहिली. तेजल बसलीही नाही. एका दमात सगळं सांगितलं. नळी वर बंद होती. व्हॉल्व्ह उघडा सापडला, तो चिंतूनंच उघडला होता, पण गॅसला जायला वाट नव्हती. आणि ती वाट बंद केल्याचं तिच्या नवऱ्याला माहीत होतं. नकाशा त्यानंच काढला, तपासला म्हणून सहीही त्यानंच केली, आणि ते लपवलंही त्यानंच.

मंगळी ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माजा मानूस इसरला नव्हता."

"नाही."

"त्यानं उगडला."

"हो."

"आन तुज्या मानसाला ठावं होतं. च्यार मयने."

"हो."

मंगळीनं तिच्याकडे पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. जागृतीला वाटत होतं की दोघींपैकी कुणीतरी एक पाऊल पुढे येईल. कुणी आलं नाही.

"तवा तू आता जा, बाय," मंगळी म्हणाली. "तारखेला ये. तितं सांग, जसं मला सांगतलास तसंच." आणि ती खाली बसून पुन्हा फुलं पसरायला लागली.

परतताना तेजल मनोरच्या नाक्यावर बसची वाट बघत उभी होती. जागृतीनं तिचा दंड धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही.

तारखेला मशीन पालघरला नेलं. मोहोरबंद पाकीट चौकशी अधिकाऱ्यांच्या हाती दिलं आणि त्यांच्यासमोर जागृतीनं प्रतीवरून मॉडेल उघडून दाखवलं. कंपनीच्या वकिलांनी विचारलं की हिनं ड्रायव्हर टाकताना फाइलीतही काही घातलं नसेल कशावरून. जागृतीनं पाकिटाकडे बोट दाखवलं. "मूळ डिस्क त्यात आहे. माझं सगळं काम प्रतीवर आहे. तुमच्या माणसाकडून दोन्ही ताडून बघा."

अधिकाऱ्यांनी ब्लाइंडजवळची चौकट मोठी करायला सांगितली. "ही आद्याक्षरं कुणाची?"

उत्तर जागृतीलाही देता आलं असतं. पण तेजल उभी राहिली. मागच्या बाकावर तिचा दीर बसला होता, त्यानं मान खाली घातली.

"माझ्या मिस्टरांची. प्रदीप नारायण चुरी," ती म्हणाली. "आखणीही त्यांची, तपासणीही त्यांचीच."

मंगळी दाराजवळ, भिंतीला पाठ लावून बसली होती. तेजल खाली बसली तेव्हा मंगळीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण चौकशी उठल्यावर मशीनच्या वायरी गुंडाळायला ती पुढे आली आणि मॉनिटर उचलून रिक्षापर्यंत घेऊन गेली.

अहवाल जूनमध्ये आला. कंपनीनं दिलेला नकाशा खोटा ठरला, व्हॉल्व्ह दणक्यानं फिरल्याचं म्हणणं टिकलं नाही, वरच्या साहेबांवर खटला भरायची शिफारस झाली. खटला कधी उभा राहील ते अजून कुणी सांगू शकत नाही. प्रदीप चुरीचं नावही अहवालात आलं, 'माहिती असूनही' या शब्दांसकट. दिराकडचं येणं-जाणं थांबलं. तेजलनं रिद्धीला स्वतःच सगळं सांगितलं, बाहेरून कळण्याआधी. त्यानंतर मुलगी दोन दिवस जेवली नाही, असं ती जागृतीला फोनवर म्हणाली, आणि मग, "पण आता विचारते. रोज काहीतरी विचारते. मी खरं तेच सांगते."

जुलैच्या सुरुवातीला मंगळी दुकानात आली. पिशवीतून तिनं अहवालाची झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवली. पानं कोपऱ्यांना भिजलेली होती.

"यात चिंतू कुटं हाय, ते दाव."

जागृतीनं पानं उलटली. चौदाव्या पानावर ते होतं. तिनं मंगळीचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि वाचलं, "'कामगार चिंतू वरठा यांनी दाब वाढल्याचे लक्षात येताच व्हॉल्व्ह उघडला होता. त्यांच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही.'"

"परत वाच."

जागृतीनं परत वाचलं, या वेळी सावकाश. मंगळीचं बोट शब्दांखालून सरकत गेलं, ओळ संपली तिथे थांबलं. मग तिनं ते पान इतर पानांपासून वेगळं काढलं, छातीशी धरलं आणि बाकीची पानं पिशवीत ठेवून मनोरच्या बससाठी निघाली.